चित्रपट पाहून आल्यावर काय सांगावें?

चित्रपट पाहून घरीं आलेल्या माणसास पायांतील वहाणा काढून ठेवण्यापूर्वींच जो प्रश्न विचारला जातो, तो बहुधा दोनच शब्दांचा असतो: ‘कसा आहे?’ त्यास मिळणारें उत्तरही तितकेंच आंखूड असतें. ‘चांगला आहे’, ‘बरा आहे’, ‘एकदां पाहण्यासारखा’, किंवा ‘अगदींच टाकाऊ’. प्रश्न आणि उत्तर हीं दोन्ही इतकीं सरावाचीं झालेलीं आहेत कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि या दोन शब्दांच्या उत्तरावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. विचारणारा त्यावर विसंबून आपल्या कुटुंबाची एक संध्याकाळ आणि चार तिकिटांचा पैसा खर्च करणार असतो. अल्प भांडवलावर काढलेला एखादा चित्रपट पुढच्या शुक्रवारपर्यंत पडद्यावर टिकावा कीं नाहीं, हें अशाच हजारों उत्तरांनीं ठरणार असतें. आणि उत्तर देणाऱ्याचा शब्द पुढच्या वेळीं कितपत मानावा, याचाही निर्णय त्यांतूनच व्हावयाचा असतो. म्हणून चित्रपट किंवा मालिका पाहून आल्यावर दुसऱ्यास काय सांगावें, आणि दुसऱ्यानें सांगितलेलें कसें ऐकावें, याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पूर्वीं हा प्रश्न इतका अवघड नव्हता. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्यानंतर कित्येक वर्षें घरांतील संचावर पाहावयास एकच वाहिनी असे. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं ‘रामायण’ ही मालिका दाखविली जात असे, तेव्हां काय पाहावें अशी पृच्छा कोणी कोणास करीत नसे. सारी आळी एकच गोष्ट एकाच वेळीं पाही, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत तिच्यावर बोलणें निघे. तें बोलणें शिफारशीचें नव्हतें; एका पंक्तीस जेवून उठलेल्या मंडळींच्या गप्पांसारखें तें होतें. १९९२ नंतर उपग्रहावरून येणाऱ्या खासगी वाहिन्या वाढत गेल्या, आणि पुढें इंटरनेटवरून हवा तो चित्रपट हव्या त्या वेळीं घरबसल्या पाहण्याची सोय झाली. आतां एकाच बिऱ्हाडांत आजोबा एक मालिका पाहतात, सूनबाई दुसरी, आणि नातू तिसऱ्याच देशांतील तिसरी. पंक्त मोडली, आणि प्रत्येकास स्वतःचें ताट स्वतः वाढून घेण्याची पाळी आली. अशा स्थितींत दुसऱ्याच्या शिफारशीचें महत्त्व कमी न होतां उलट वाढलें आहे.

निवड अवघड झाली म्हणजे मनुष्य प्रथम जाहिरातीकडे पाहतो. परंतु जाहिरातीचा धर्मच निराळा. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणल्यानंतर दादासाहेब फाळके आपलें चित्र घेऊन सुरतेस गेले. तेथील प्रेक्षकांस कित्येक तास चालणाऱ्या नाटकापुढें हा खेळ फारच आंखूड वाटला, आणि पहिल्या दिवशीं गल्ला अगदींच थोडा जमला. तेव्हां फाळक्यांनीं सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबी आणि मोल अवघें तीन आणे, अशी जाहिरात केली व लोक लोटले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या जाहिरातींत चातुर्य होतें. मात्र तें चित्र पाहून मनास काय होईल, हें छायाचित्रांच्या संख्येवरून कळणें शक्य नव्हतें. तें पाहून आलेला मनुष्यच सांगूं शकतो, आणि म्हणूनच शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी शेजाऱ्याच्या शब्दाची जागा जाहिरातीस घेतां आलेली नाहीं.

या शब्दाचें सामर्थ्य किती असतें, हें तीन उदाहरणांवरून ध्यानांत येईल. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा बंगाली चित्रपट २६ ऑगस्ट १९५५ रोजीं कलकत्त्यांत लागला. त्यांत नांवाजलेला नट नव्हता, नृत्य नव्हतें, खेड्यांतील एका दरिद्री कुटुंबाची संथ कथा होती. आरंभीं प्रेक्षक तुरळकच येत. परंतु आलेल्यांनीं घरीं जाऊन सांगितलें, त्यांनीं आणखी कोणास सांगितलें, आणि एक दोन आठवड्यांतच चित्रपटगृह भरून जाऊं लागलें. पुढच्या वर्षीं कान येथील महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला. पण त्याची खरी पहिली पावती कलकत्त्याच्या सामान्य प्रेक्षकांनीं एकमेकांच्या कानांत दिली होती. दुसरें उदाहरण अगदीं वेगळ्या जातीचें. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झालेल्या ‘शोले’विषयीं पहिल्या दिवसांत प्रतिकूल मतेंच अधिक ऐकूं येत होतीं, आणि शेवट बदलावा काय असाही विचार निर्मात्यांच्या मनांत येऊन गेला. तो बदलण्यापूर्वींच लोकांचें बोलणें पालटलें, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहांत तो चित्रपट पुढें पांच वर्षें चालला. तिसरें उदाहरण मराठींतलें. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा २००४ मध्यें प्रदर्शित झाला. कोंकणांतून नातवाच्या डोळ्यांवर उपचार करविण्यासाठीं पुण्यास आलेल्या एका आजोबांची ती कथा. ‘श्यामची आई’नंतर सुमारें पन्नास वर्षांनीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मराठीस मिळालें तें या चित्रपटामुळें, आणि तो ऑस्करसाठीं भारतातर्फे पाठविला गेला, तेव्हां तेथील प्रसिद्धीच्या खर्चासाठीं सामान्य लोकांनीं वर्गणी जमविली. ज्या चित्रपटाविषयीं लोक एकमेकांशीं केवळ चवीपुरतें बोलतात, त्यासाठीं कोणी खिशांत हात घालीत नाहीं.

जो शब्द एवढें घडवूं शकतो, तो कसा उच्चारावा हा पुढचा प्रश्न. बहुतेकांची चूक येथेंच होते. चित्रपट पाहून आलेला मनुष्य स्वतःस न्यायाधीश समजतो आणि निवाडा देतो: चांगला, वाईट, उत्कृष्ट, भिकार. वस्तुतः विचारणाऱ्यास निवाडा नको असतो. त्यास साक्ष हवी असते. साक्षीदारानें कोण दोषी हें सांगावयाचें नसतें. आपण कोठें उभे होतों आणि तेथून काय दिसलें, एवढेंच सांगावयाचें असतें. निवाडा ऐकणाऱ्याच्या हातांत मानणें किंवा न मानणें एवढेंच उरतें. साक्ष ऐकली म्हणजे तो आपला निवाडा आपण करूं शकतो.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीं ओळखली गेली होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत नाट्यप्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे यशापयशाची, चर्चा आहे. तेथें प्रेक्षकांचे भेद सांगितले आहेत: तरुण शृंगारांत रमतात, शूर पुरुषांस रौद्र आणि युद्धाचे प्रसंग रुचतात, वृद्धांस पुराणकथा आवडतात, विरक्तांस मोक्षाचा विषय भावतो. इतकेंच नव्हे, तर प्रयोगाचें परीक्षण करणाऱ्यांतही कामाची वांटणी आहे. वृत्तांची परीक्षा छंद जाणणाऱ्यानें करावी, शब्दांची वैयाकरणानें, शस्त्र चालविण्याच्या अभिनयाची धनुर्धरानें, स्वरतालाची गायकानें, यज्ञाच्या प्रसंगाची याज्ञिकानें. एकच मनुष्य सर्व अंगांचा परीक्षक होऊं शकतो असें भरतांनीं मानलें नाहीं. आजही वकिलाला न्यायालयाचे प्रसंग खोटे वाटतात आणि डॉक्टरला शस्त्रक्रियेचे. परंतु त्याच चित्रपटांतील गाण्याविषयीं त्या दोघांचें मत तेवढ्याच अधिकाराचें असेल असें नाहीं. तेव्हां ‘चांगला आहे’ या उत्तरांत सर्वांत मोठी उणीव ही कीं, कोणाच्या दृष्टीनें चांगला आणि कोणत्या अंगानें चांगला, हें त्यांत सांगितलेलें नसतें.

ही उणीव आंकड्यांनीं भरून निघेल अशी आजच्या काळाची मोठी आशा आहे. चित्रपटाच्या नांवापुढें तारका असतात, टक्के असतात, दहांपैकीं गुण असतात. त्यांचा उपयोग नाहीं असें नाहीं. पण त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १९९८ मध्यें निघालेल्या रॉटन टोमॅटोज या अमेरिकन संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटापुढें नव्वद टक्के लिहिलेले असले, तर पुष्कळांची समजूत होते कीं त्यास शंभरांपैकीं नव्वद गुण मिळाले. तसें नव्हे. दर शंभर समीक्षकांपैकीं नव्वदांचें मत एकंदरींत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सर्व समीक्षकांस एखादा चित्रपट जेमतेम बरा वाटला, तरी त्याचे टक्के शंभर होऊं शकतात. आणि निम्म्यांस जो जन्मभर स्मरणांत राहील असा वाटला व निम्म्यांस मुळींच आवडला नाहीं, त्याचे टक्के पन्नासच राहतील. पैकीं पाहावयास हवा तो चित्रपट कदाचित् दुसराच असेल.

आंकड्यांची दुसरी अडचण अशी कीं, ते एकमेकांकडे पाहून वाढतात. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००६ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांपुढें अपरिचित गायकवृंदांचीं ४८ गाणीं ठेवण्यांत आलीं. कांहींना नुसतीं गाणीं ऐकविलीं. इतरांचे आठ निरनिराळे गट करून, त्या त्या गटांत कोणतें गाणें किती जणांनीं उतरवून घेतलें, तो आंकडाही दाखविला. जेथें आंकडा दिसत होता तेथें लोकप्रिय गाणें अधिकच लोकप्रिय झालें. परंतु कोणतें गाणें वर चढेल, हें मात्र प्रत्येक गटांत वेगळें निघालें. फार चांगलें गाणें क्वचितच तळाला गेलें, फार वाईट क्वचितच माथ्यावर आलें; मधल्या साऱ्यांचें नशीब पहिल्या कांहीं माणसांनीं काय केलें यावर ठरलें. चित्रपटाच्या पहिल्या दिवशीं उठणारी वाहवा किंवा ओरड किती सावधपणें ऐकावी, हें यावरून दिसून येईल. जो मनुष्य दहा जणांचें मत ऐकून अकरावें मत बनवितो, तो साक्ष देत नाहीं, प्रतिध्वनि देतो.

यंत्राच्या साहाय्यानें आवड ओळखण्याचे प्रयत्नही पुष्कळ झाले आहेत. नेटफ्लिक्स या संस्थेनें २००६ मध्यें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटास किती तारका देईल, हें भाकीत जो कोणी संस्थेच्या पद्धतीपेक्षां दहा टक्क्यांनीं अधिक अचूक करील, त्यास तें मिळावयाचें होतें. त्यासाठीं सुमारें १७ हजार ७७० चित्रपटांविषयीं दिलेलीं जवळजवळ दहा कोटी मतें गणितज्ञांच्या हवालीं करण्यांत आलीं. तीन वर्षांच्या खटपटीनंतर २००९ मध्यें एका संघानें तें पारितोषिक जिंकलें. परंतु या शर्यतींत सर्वांस छळणारा एक लहानसा विनोदी चित्रपट होता, २००४ मधील ‘नेपोलियन डायनामाइट’. ज्यांच्या आवडी इतर सर्व बाबतींत जुळत, त्यांतीलही एक त्यास पांच तारका देई आणि दुसरा एक. एका विशिष्ट तऱ्हेच्या विक्षिप्त विनोदावर हंसूं येतें कीं नाहीं, हें दहा कोटी आंकड्यांतून नीटसें कळलें नाहीं. ज्या मित्राबरोबर वर्षानुवर्षें बैठक आहे, त्यास मात्र तें सहज सांगतां येतें.

आतां सांगावें कसें, तें पाहूं जातां तीन गोष्टी पुरेशा आहेत. चित्रपट कोणत्या जातीचा आहे, त्यानें पाहणाऱ्यावर काय परिणाम केला, आणि तो कोणास रुचेल व कोणास रुचणार नाहीं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाचें उदाहरण घ्यावें. २०१४ मध्यें व्हेनिस येथें त्याचा गौरव झाला, पुढें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें, आणि एप्रिल २०१५ मध्यें तो चित्रपटगृहांत लागला. पारितोषिकांचीं नांवें ऐकून गेलेले कांहीं प्रेक्षक कंटाळून परत आले, आणि कांहीं दिवसेंदिवस त्याच्याविषयींच बोलत राहिले. दोघेही प्रामाणिक होते. अशा वेळीं पाहून आलेल्या भाचीनें मामांस ‘उत्तम आहे, पाहाच’ असें सांगितलें, तर तिनें पुढच्या भांडणाची तयारीच केली असें समजावें. त्याऐवजीं ती असें म्हणूं शकते: ‘मामा, मुंबईंतला एक म्हातारा शाहीर आहे. त्याचें गाणें ऐकून एका सफाई कामगारानें जीव दिला असा त्याच्यावर आरोप आहे, आणि तो खटला चालतो. पण सिनेमांतल्या कोर्टासारखीं भाषणें त्यांत नाहींत. तारखा पडतात, कागद वाचले जातात, कॅमेरा एका जागीं उभा राहून नुसता पाहत असतो. वकील आणि न्यायाधीश घरीं जाऊन काय करतात, तेंही दाखवलंय. पहिला अर्धा तास मला जड गेला. मग लक्षांत आलं कीं तो कंटाळाच दाखवायचा आहे. तुम्ही कोर्टांत खेपा घातल्या आहेत, तुम्हांला पटेल. मामींना मात्र रविवारीं दुपारीं हलकंफुलकं काहीं हवं असेल, तर हा नको.’

या बोलण्यांत एकही विशेषण मोठें नाहीं, आणि शेवट काय होतो हेंही उघड केलेलें नाहीं. तरी मामांस जें हवें होतें तें सर्व मिळालें. विशेष लक्षांत घेण्यासारखें वाक्य म्हणजे ‘पहिला अर्धा तास मला जड गेला’ हें. आवडलेल्या गोष्टींतील उणीव सांगणारा मनुष्य विश्वासास पात्र ठरतो. शिवाय चित्रपटांत जें एकास दोष वाटतें तेंच दुसऱ्यास आकर्षण असूं शकतें. ‘फार संथ आहे’ ही तक्रार ऐकून एखादा घरीं बसेल आणि एखादा मुद्दाम तिकीट काढील. म्हणून दोष सांगतांना ‘रटाळ’ हा शिक्का मारण्यापेक्षां कशामुळें रटाळ वाटलें, हें सांगावें. कारण सांगितलें कीं ऐकणारा त्याचा आपल्यापुरता हिशेब मांडतो.

कथा किती सांगावी, हा नाजूक प्रश्न आहे. अगाथा ख्रिस्ती यांचें ‘द माउसट्रॅप’ हें नाटक लंडनमध्यें नोव्हेंबर १९५२ मध्यें रंगभूमीवर आलें, आणि खुनी कोण हें बाहेर कोणास सांगूं नये अशी विनंती प्रेक्षकांस प्रयोगाच्या अखेरीस करण्याची त्याची परंपरा आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६० मध्यें ‘सायको’च्या वेळीं, खेळ सुरू झाल्यावर कोणासही आंत सोडूं नये असा दंडक घातला, आणि शेवट गुप्त ठेवण्याची विनवणी केली. अशा रहस्यकथांत एका वाक्यानें दुसऱ्याचा आनंद हिरावून घेतां येतो, याबद्दल दुमत नसावें. परंतु रामकथेचा किंवा हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट ठाऊक नाहीं म्हणून कीर्तनास कोणी जात नाहीं. उलट ठाऊक असतो म्हणूनच जातात. मानसशास्त्रज्ञांचे प्रयोगही या दोन टोकांमध्यें हेलकावतात. २०११ मध्यें सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील दोघांनीं वाचकांस लघुकथांचे शेवट आधींच सांगून पाहिले, तेव्हां त्या वाचकांस कथा किंचित् अधिकच आवडल्या. २०१५ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें झालेल्या प्रयोगांत मात्र शेवट आधीं कळलेल्या कथा कमी हृदयस्पर्शी वाटल्या. यावरून व्यवहारापुरता नियम काढावयाचा तर असा कीं, पहिल्या पंधरा वीस मिनिटांत जें उघड होतें तेवढें सांगावें, पुढचें विचारल्याशिवाय सांगूं नये. ज्यास हवें असेल तो विचारील. न सांगितलेलें केव्हांही सांगतां येतें. सांगितलेलें परत घेतां येत नाहीं.

मालिकेची शिफारस करतांना जबाबदारी आणखी वाढते. चित्रपट दोन तीन तास मागतो. मालिका महिने मागते. मराठी दूरचित्रवाणीवरील ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग झाले. तेव्हां मालिका पाहावयास सांगणाऱ्यानें ती किती लांबीची आहे, पुरी झाली आहे कीं चालू आहे, आणि रंगावयास किती भाग लागतात, हें आधीं सांगणें न्यायाचें. ‘पहिले चार भाग सोसा, पुढें बघा’ हें प्रांजळ बोलणें आहे. पण चार भागांचे चार तास होतात, आणि ते दुसऱ्याच्या आयुष्यांतले असतात. मालिका कोठें ढासळते हेंही ठाऊक असल्यास सांगावें. पहिल्या पर्वानंतर थांबलें तरी चालतें, ही माहिती कित्येकदां साऱ्या स्तुतीपेक्षां मोलाची ठरते.

घरांत मुलें किंवा वृद्ध असतील तर एक गोष्ट कधीं विसरूं नये. सिनेमॅटोग्राफ कायद्यांत २०२३ मध्यें जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें ‘यूए’ या प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग करण्यांत आले. इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या मालिकांसाठीं २०२१ च्या नियमांनीं अशीच वर्गवारी आणली. हीं प्रमाणपत्रें उपयुक्त आहेत, पण तीं सर्व मुलांसाठीं एकच माप लावतात. एखादें मूल मारामारी पाहून हंसतें आणि पडद्यावर कुत्रा हरवला तर रात्रभर रडतें. ज्या घरांत नुकताच कोणी गेला आहे, तेथें रुग्णालयांतील दीर्घ प्रसंग असलेला चित्रपट, कितीही श्रेष्ठ असला तरी, त्या आठवड्यांत नको असतो. हें कोणतेंही मंडळ कागदावर लिहूं शकत नाहीं. घर ओळखणारा मनुष्यच सांगूं शकतो, आणि त्याच्या शिफारशीचें खरें मोल येथें दिसतें.

आतां प्रामाणिकपणाविषयीं. पुष्कळ माणसें जें आवडलें तें सांगत नाहींत. जें आवडावयास हवें होतें तें सांगतात. नेटफ्लिक्सनें २०१७ मध्यें पांच तारकांची पद्धत सोडून नुसता अंगठा वर किंवा खालीं अशी पद्धत आणली, तिचें एक कारण हेंच होतें: लोक गंभीर माहितीपटांस भरघोस तारका देत आणि प्रत्यक्षांत हलके विनोदी कार्यक्रम पाहत बसत. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. दिवसभर राबलेल्या मनास रात्रीं नऊ वाजतां विसांवा हवा असतो. लाजण्यासारखें असेल तर तें हें कीं, स्वतः अर्ध्यावर सोडलेला जड चित्रपट केवळ प्रतिष्ठेसाठीं दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावा. ‘मी पुरा पाहूं शकलों नाहीं, पण फोटोग्राफी सुंदर वाटली’ असें म्हटल्यानें कोणाची रसिकता कमी होत नाहीं.

त्याचप्रमाणें स्नेह्यानें मोठ्या उत्साहानें सुचविलेला चित्रपट आवडला नाहीं, तर काय करावें, ही अडचण प्रत्येकास केव्हां ना केव्हां येते. खोटी स्तुती केली तर तो स्नेही तशाच आणखी दहा चित्रपटांची यादी देतो, आणि ‘तुमची आवड अशी कशी’ असें म्हटलें तर पुन्हा कांहींच सुचवीत नाहीं. शिफारस करणारा मनुष्य आपल्या मनाचा एक कोपरा उघडा करून दाखवीत असतो, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे वाट सांपडते. त्यास कोठें गंमत वाटली तें विचारावें, आणि आपणांस कोठें अडलें तें सांगावें. पुष्कळदां असें होतें कीं, चित्रपट दुसऱ्यांदां पाहावासा वाटत नाहीं, पण स्नेही पहिल्यापेक्षां अधिक कळतो.

ऐकणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे. कोणाचें मत कशासाठीं ऐकावें, याची नोंद त्यानें मनांत ठेवावी. एकाचें विनोदाच्या बाबतींत कधीं चुकत नाहीं, दुसरीस संगीताचा कान आहे, तिसऱ्यास जें आवडतें तें आपणांस हटकून आवडत नाहीं. हा तिसराही टाकाऊ नव्हे. उलट्या दिशेस का होईना, त्याचें होकायंत्र स्थिर असतें. ज्याचें मत दर वेळीं गर्दीबरोबर फिरतें, त्याच्यापासून मात्र कांहींच कळत नाहीं. आणि ‘कसा आहे?’ या प्रश्नाचें उत्तर आंखूड आलें, तर त्यावरच न थांबतां आणखी एक प्रश्न विचारावा: ‘तुम्हांला त्यांतलें काय आठवतंय?’ चांगलें वाईट ठरविण्याच्या ओझ्यांतून सुटलेला मनुष्य मग एखादा चेहरा सांगतो, एखादें वाक्य, एखादी पावसांत भिजलेली वाट; आणि ऐकणाऱ्यास तो चित्रपट पाहावासा वाटतो किंवा वाटत नाहीं, पण त्याचें कारण त्यास ठाऊक असतें.

नाट्यगृहांत आणि चित्रपटगृहांत प्रेक्षक अंधारांत शेजारीशेजारी बसतात, तरी प्रत्येकजण आपापलाच खेळ पाहत असतो. दिवे लागल्यावर जें बोलणें होतें, त्यानेंच तो खेळ दुसऱ्यापर्यंत पोंचतो. घरोघरीं वेगवेगळे पडदे झालेल्या या काळांत तें बोलणें थोडें अधिक सावकाश, थोडें अधिक नेमकें आणि पुरें प्रामाणिक असावें, एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या वेळीं वहाणा काढतां काढतां कोणी ‘कसा आहे?’ म्हणून विचारलें, तर दोन शब्दांऐवजीं चार वाक्यें सांगावींत, आणि विचारणाऱ्यानेंही चहाचें आधण ठेवून तीं ऐकून घ्यावींत.